अमानत कोणाच्या भरवशावर?
आभासी चलन, सरकारी चोर आणि सरकारी पहारा

२०२४ च्या दिवाळी हंगामात एका सकाळी आमच्या पेढीचे चालू खाते बँकेने अडकवले. चेक वटेना, सूतवाल्याचे पैसे जाईनात. विचारणा केली तेव्हा कळले की, महिनाभरापूर्वी आमच्या खात्यात जमा झालेले साठ हजार रुपये हे सायबर फसवणुकीतील आहेत, अशी तक्रार दुसऱ्या एका राज्यातील पोलिसांकडे नोंदली गेली आहे. सदर रक्कम आमच्या एका जुन्या पार्टीच्या उधारीपोटी आली होती. मात्र ती पार्टीच्या नावाने न येता कुणा तिऱ्हाइताच्या खात्यातून आली होती. मालेगावच्या कापड बाजारात हे नवे नाही. पार्टी फोन करते, "सेठ, माझ्या माणसाने टाकले आहेत, जमा करून घ्या," आणि आपण जमा करून घेतो.

पार्टीला बोलावून घेतले. बऱ्याच आढ्यावेढ्यांनंतर खरी गोष्ट बाहेर आली. त्याच्याजवळ मोबाईलमध्ये 'टेथर' नावाचे आभासी डॉलर होते. ते त्याने एका अनोळखी माणसाला विकले आणि त्याला सांगितले की, रुपये मला देऊ नकोस, या खात्यात टाक. ते खाते आमचे. त्या अनोळखी माणसाने कुणा म्हाताऱ्याला फोनवरून लुबाडले होते. अशा रीतीने लुटीचा पैसा आमच्या वहीत कापडाची उधारी म्हणून जमा झाला आणि चोर डॉलर घेऊन निघून गेला. खाते मोकळे व्हायला चार महिने लागले. बिले, चलने, ट्रान्सपोर्टच्या पावत्या घेऊन आम्ही किती हेलपाटे घातले ते येथे सांगत बसत नाही.

आमच्या प्रकरणातला चोर किरकोळ होता. परंतु त्याने जी वाट धरली, त्याच वाटेने आज एक अख्खे राज्य चोरीचा माल पचवत आहे असे वाचनात आले, तेव्हा आम्ही या विषयाच्या मागे लागलो. आम्ही काही संगणकातले जाणकार नव्हे. उर्दू शाळेत शिकलो, हिशेब वडिलांच्या हाताखाली शिकलो. तेव्हा जे समजले ते आमच्या धंद्याच्या भाषेतच सांगतो.

कापडाची निर्यात बंद झाली तेव्हा

ते राज्य म्हणजे उत्तर कोरिया. आमच्या वाचकांना ऐकून नवल वाटेल, पण या कथेत कापडाचा मोठा भाग आहे. कोळशानंतर उत्तर कोरियाची मोठी निर्यात कपड्यांचीच होती. कापड व बाकीचे सामान चीनमधून यायचे, तिथल्या कारखान्यांत स्वस्त मजुरीवर जाकिटे व पाटलोणी शिवल्या जायच्या आणि माल बहुतांशी चीनलाच परत जायचा. २०१६ मध्ये ही निर्यात सुमारे ७५ कोटी डॉलरची होती. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये अणुचाचणी झाली आणि ११ सप्टेंबर २०१७ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक २३७५ संमत करून त्या देशाच्या कापड-कपड्यांच्या निर्यातीवर बंदी घातली. कोळसा, लोखंड, मासळी यांवर बंदी आधीच आली होती.

बंदीमुळे चोरी सुरू झाली असे म्हणणे मात्र बरोबर होणार नाही. चोरी आधीपासूनच चालू होती. फेब्रुवारी २०१६ मध्ये ढाक्याच्या बांगलादेश बँकेचा पैसा न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतून खोट्या हुकुमांनी काढण्याचा प्रयत्न झाला. मागणी होती ९५ कोटी डॉलरची. हाती लागले ८.१ कोटी. बाकीचे का वाचले? एका हुकमात 'फाउंडेशन' या शब्दाचे स्पेलिंग चुकले, म्हणून श्रीलंकेकडे निघालेले दोन कोटी मध्येच अडकले. मनिलाच्या ज्या शाखेत पैसा जायचा होता तिचा पत्ता 'ज्युपिटर' रस्त्यावरचा, आणि त्याच नावाचे एक जहाज निर्बंधांच्या यादीत होते. त्या एका शब्दावर यंत्राने बोट ठेवले आणि बरेच हुकूम तपासणीला थांबले. जो पैसा गेला तो मनिलाच्या जुगारघरांतून पसार झाला.

आपल्या महाराष्ट्रालाही या टोळीचा हात लागला आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. ११ ऑगस्टला काही तासांत २८ देशांतील एटीएम यंत्रांतून बनावट कार्डांनी रोकड काढण्यात आली. भारतात कोल्हापूरसारख्या शहरांतही भाड्याची माणसे कार्डे घेऊन यंत्रांपुढे उभी होती. दोन दिवसांनी उरलेली रक्कम हाँगकाँगच्या एका बँकेत वळवली गेली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञ समितीने हे काम उत्तर कोरियाच्या खात्यावर मांडले. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना शिक्षा दिली. ते सारे रोकड काढणाऱ्यांच्या बाजूचे होते. जाळे विणणारा हाती येत नाही, जाळ्यात काम करणारा येतो. उत्तर कोरियाचे सरकार अर्थातच अशा सर्व आरोपांचा इन्कार करते.

आता या दोन चोऱ्यांकडे व्यापाऱ्याच्या नजरेने पाहावे. बँकेतून पैसा न्यायचा तर मध्ये किती माणसे लागतात? पाठवणारी बँक, घेणारी बँक, मधली बँक, शाखेतला कारकून, कार्ड घेऊन उभी राहणारी पोरे. यांपैकी कुणीही शिंकला की काम बिघडते. आभासी चलनात ही मधली माणसेच नाहीत. रक्कम एका कुलपातून दुसऱ्या कुलपात जाते, रात्री दोन वाजता जाते, सुट्टीच्या दिवशी जाते, आणि एकदा गेली की "थांबवा" म्हणून सांगायला पलीकडे मॅनेजर नसतो. चोराला याहून सोयीचे दुसरे काय हवे? तज्ज्ञ समितीने मार्च २०२४ च्या अहवालात लिहिले की, २०१७ ते २०२३ या काळातील अशा ५८ संशयित हल्ल्यांची ती चौकशी करीत आहे आणि त्यांतली रक्कम सुमारे तीन अब्ज डॉलरच्या घरात जाते. हा पैसा अण्वस्त्रे व क्षेपणास्त्रे बनवण्याकडे जातो, असेही समितीचे म्हणणे. त्याच महिन्यात रशियाने नकाराधिकार वापरला आणि ३० एप्रिल २०२४ रोजी ती समितीच बंद पडली. पुढे अकरा देशांनी मिळून तशीच दुसरी पाहणी मंडळी उभी केली. त्यात भारत नाही.

मुंबईचा आणि दुबईचा दणका

१८ जुलै २०२४ रोजी मुंबईतून चालणाऱ्या 'वझीरएक्स' या आभासी चलनाच्या पेढीतून सुमारे साडेतेवीस कोटी डॉलर, म्हणजे त्यावेळच्या भावाने दोन हजार कोटी रुपयांच्या जवळपासचा ऐवज गेला. पेढीकडे ग्राहकांचा जो ठेवा होता त्यातला जवळजवळ ४५ टक्के हिस्सा. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया या तिन्ही सरकारांनी एकत्र निवेदन काढून ही चोरी उत्तर कोरियाची असल्याचे सांगितले.

त्यानंतर महिना-सव्वा महिन्यातच, २१ फेब्रुवारी २०२५ रोजी, दुबईच्या 'बायबिट' या पेढीतून सुमारे दीडशे कोटी डॉलर गेले. चार लाख 'इथर' नाणी, एका व्यवहारात! पाच दिवसांनी अमेरिकेच्या एफबीआयने उत्तर कोरियाचे नाव घेतले. वर आम्ही कपड्यांच्या निर्यातीचा आकडा दिला आहे, तो ताडून पाहावा. दोन वर्षे हजारो शिलाई कामगारांनी राबून जे मिळायचे, ते एका दिवसात आले.

हे घडले कसे, ते समजून घेणे आमच्यासारख्यांना कठीण नाही. मोठ्या पेढ्या आपला ऐवज अनेक सह्यांच्या कुलपात ठेवतात. तीन-चार जबाबदार माणसांनी सही केल्याशिवाय नाणे हलत नाही. चोरांनी सही चोरली नाही, कुलूप फोडले नाही. त्यांनी सही करणाऱ्याच्या समोरचा कागद बदलला. बायबिटच्या बाबतीत कुलूप बनवणाऱ्या कंपनीच्या एका तंत्रज्ञाच्या संगणकात शिरून त्यांनी पडदाच असा करून ठेवला की दिसे एक आणि सही होई दुसऱ्यावरच. वझीरएक्सनेही हेच सांगितले की पडद्यावर दिसणारा व्यवहार आणि प्रत्यक्ष झालेला व्यवहार वेगवेगळे होते. कुलूप सांभाळणाऱ्या कंपनीने दोष आपला नसल्याचे म्हटले. आपल्याकडे मुनीम चेक भरून आणतो आणि सेठ घाईत वरवर पाहून सही ठोकतो, त्यातलाच प्रकार, फक्त येथे सेठने नीट पाहिले तरी त्याला खोटाच आकडा दिसला असता.

आणि तंत्रज्ञाच्या संगणकात शिरतात कसे? बहुधा नोकरीच्या नावाने. मे २०२४ मध्ये जपानच्या 'डीएमएम बिटकॉइन' पेढीतून ४८ अब्ज येन गेले. एफबीआय व जपानी पोलिसांनी नंतर सांगितले की, कुलूप पुरवणाऱ्या कंपनीतील एका नोकराला 'लिंक्डइन'वर एका भरती करणाऱ्या माणसाने गाठले, नोकरीपूर्व परीक्षा म्हणून एक छोटे प्रोग्रामचे काम पाठवले, आणि त्या कामातच किडा होता. आमच्या गावातली कितीतरी मुले आता मागावर न बसता संगणक शिकून बेंगळुरू-पुण्याला गेली आहेत. परदेशी नोकरीच्या अशा "परीक्षा" त्यांनाही येतात. वडिलांनी एवढे तरी विचारावे की, परीक्षा कंपनीच्या संगणकावर तर सोडवत नाहीस ना?

पाठलाग

सरकारे काय करतात, आता ते पाहू. एक मार्ग पाठलागाचा. आभासी चलनाची एक गंमत अशी की त्याची वही सर्वांसमोर उघडी असते. कोणत्या कुलपातून कोणत्या कुलपात किती गेले हे जगातला कुणीही पाहू शकतो. फक्त कुलपावर मालकाचे नाव नसते. म्हणून बायबिटच्या चोरीनंतर एफबीआयने चोरांच्या पन्नासेक कुलपांचे क्रमांक जाहीर करून सर्व पेढ्यांना सांगितले की यांच्याशी व्यवहार करू नका. बायबिटने पैसा अडवून देणाऱ्याला दहा टक्के इनाम लावले. इतके करून दोन महिन्यांनी हिशेब काय, तर पेढीच्या प्रमुखानेच सांगितले: शंभरातले चारही धड अडकले नाहीत, सुमारे अडुसष्ट अजून नजरेत आहेत आणि सत्तावीस-अठ्ठावीस अंधारात गेले.

अंधार म्हणजे काय, तर 'मिक्सर'. दहा जणांच्या नोटा एका पोत्यात घालून हलवाव्या आणि प्रत्येकाला त्याच्या रकमेइतक्या दुसऱ्याच नोटा परत द्याव्या, तसा प्रकार. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेने 'टॉर्नेडो कॅश' या मिक्सरवर बंदी घातली. कोर्टात प्रश्न निघाला की, जो प्रोग्राम कुणाच्याच मालकीचा नाही आणि जो आपोआप चालतो, त्याला मालमत्ता म्हणून बंदी घालता येते काय? नोव्हेंबर २०२४ मध्ये अपील न्यायालयाने येत नाही असे म्हटले, आणि मार्च २०२५ मध्ये सरकारने नाव यादीतून काढले. बायबिट फुटून महिनाच झाला होता. ज्याने तो प्रोग्राम बांधला त्यातल्या एकावर मात्र खटला चालला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ज्युरीने त्याला विनापरवाना पैसे पाठवण्याच्या कटाबद्दल दोषी धरले. पैसा धुण्याच्या आरोपावर ज्युरीचे एकमत झाले नाही. कारागिराने सुरी बनवली, खून दुसऱ्याने केला, तर कारागीर किती दोषी? हा वाद आपल्या आयुष्यात मिटेल असे आम्हांस वाटत नाही.

जिथे माणूस आहे तिथे पाठलाग जास्त यशस्वी होतो. जर्मन पोलिसांनी ३० एप्रिल २०२५ रोजी ओळख न विचारता नाणी बदलून देणाऱ्या 'ई-एक्सच' या दुकानाची यंत्रे जप्त केली आणि ३ कोटी ४० लाख युरोचा ऐवज ताब्यात घेतला. बायबिटचा काही माल तिथूनही गेला होता. मार्च २०२० मध्ये अमेरिकेने चीनमधील दोन इसमांवर आरोप ठेवले की त्यांनी चोरीची दहा कोटी डॉलरहून अधिक किमतीची नाणी धुऊन दिली. अखेर क्षेपणास्त्राचा सुटा भाग विकणारा दुकानदार नाणे घेत नाही, त्याला युआन किंवा डॉलर लागतात. तिथे दलाल लागतोच.

शाहजोग हुंडी आठवते काय?

म्हणून सरकारांचा दुसरा, आणि आमच्या मते अधिक कामाचा, मार्ग हा दरवाजावरच्या पहाऱ्याचा आहे. रस्त्यावर नाही तर दरवाजावर. आभासी नाणे जिथे रुपया किंवा डॉलर बनते, ती पेढी म्हणजे दरवाजा. जून २०१९ मध्ये पॅरिसच्या 'फॅटफ' या आंतरराष्ट्रीय संस्थेने सांगितले की, या पेढ्यांनी बँकांप्रमाणे ग्राहकाची ओळख ठेवावी आणि रक्कम दुसऱ्या पेढीकडे पाठवताना पाठवणाऱ्याचे व घेणाऱ्याचे नावही सोबत पाठवावे. दक्षिण कोरियाने मार्च २०२२ पासून, जपानने जून २०२३ पासून आणि युरोपीय संघाने डिसेंबर २०२४ च्या अखेरीस हा नियम लागू केला.

नव्या पिढीला हा नियम जाचक वाटतो. आमच्या वडिलांना वाटला नसता. हुंडीच्या जमान्यात शाहजोग हुंडी असे. ती घेऊन येईल त्या कुणाच्याही हाती पैसे दिले जात नसत. बाजारात ज्याची ओळख व पत आहे अशा शाहालाच ती वटवून मिळे, आणि मागाहून हुंडी खोटी निघाली तर पैसे परत करण्याची जबाबदारी त्या शाहावर असे. हुंडी वाटेत हरवली तर 'पेठ' निघे, पेठ हरवली तर 'परपेठ'. सगळा कारभार कागदाच्या एका तुकड्यावर आणि माणसाच्या ओळखीवर चाले. पॅरिसच्या साहेबांनी जे २०१९ मध्ये लिहिले ते आपल्या सराफांच्या पेढीवर फार आधीपासून होते, हे आम्ही थोड्या अभिमानाने नमूद करतो.

अडचण अशी की दरवाजे हजार आहेत आणि चोराला एकच उघडा पुरतो. सोलमध्ये कडक पहारा बसला तर माल दुसऱ्या देशात उतरतो. आणि पेढीच न लागणारा दरवाजाही आहे: दोन माणसे फोनवर भाव ठरवतात, एक जण नाणे पाठवतो, दुसरा कुणाच्या तरी खात्यात रुपये टाकतो. आमच्या खात्यात आलेले साठ हजार याच दरवाजाने आले. तिथे पहारेकरी नाही. तिथे जप्ती येते ती आपल्यावर.

आपल्या सरकारचे काय?

२०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून बँकांना या पेढ्यांशी व्यवहार करण्यास मनाई केली. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. एप्रिल २०२२ पासून नफ्यावर तीस टक्के कर आणि जुलैपासून प्रत्येक विक्रीवर एक टक्का टीडीएस आला. तेव्हा पुष्कळ ग्राहक परदेशी पेढ्यांकडे पळाले. ७ मार्च २०२३ रोजी आभासी चलनाचा धंदा मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली आणला गेला. आता भारतातील ग्राहकांशी धंदा करणाऱ्या पेढीला दिल्लीच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंद करावी लागते, ग्राहकाची ओळख ठेवावी लागते, संशयास्पद व्यवहार कळवावे लागतात. डिसेंबर २०२३ मध्ये नऊ परदेशी पेढ्यांना नोटिसा गेल्या. जून २०२४ मध्ये 'बायनान्स'ला १८ कोटी ८२ लाखांचा दंड झाला.

३१ जानेवारी २०२५ रोजी बायबिटलाही ९ कोटी २७ लाखांचा दंड झाला. म्हणजे चोरी होण्याच्या तीन आठवडे आधी! दंड नोंद न करता धंदा केल्याबद्दलचा होता आणि तो योग्यच होता. पण त्यावरून एक गोष्ट ध्यानात येते. आपल्या सरकारचा पहारा वहीवर आहे. कर भरला का, नोंद केली का, नावे लिहिली का, हे तो पाहतो. तिजोरीला कुलूप कसले आहे आणि तिजोरीतला ऐवज गेला तर ग्राहकाला कोण भरून देणार, हे विचारणारा कायदा आपल्याकडे झालेला नाही. नोंद करू इच्छिणाऱ्या पेढ्यांनी सायबर सुरक्षेची तपासणी करून घ्यावी असे २०२५ मध्ये सांगण्यात आले, ते ठीकच झाले.

जपानकडे पाहा. जानेवारी २०१८ मध्ये टोकियोच्या 'कॉइनचेक' पेढीतून ५८ अब्ज येनची नाणी गेली. पेढीने आपल्या गल्ल्यातून दोन लाख साठ हजार ग्राहकांना पैसे परत केले. सरकार तिथेच थांबले नाही. कायदा बदलला आणि मे २०२० पासून असा दंडक घातला की, ग्राहकांचा किमान ९५ टक्के ऐवज इंटरनेटशी न जोडलेल्या कुलपात ठेवावा, आणि जो थोडा जोडलेल्या कुलपात राहील तितकीच व त्याच जातीची नाणी पेढीने स्वतःच्या मालकीची वेगळी ठेवावीत. चोरी त्यानंतरही झाली, डीएमएमची वर सांगितलीच आहे. परंतु त्या पेढीनेही आपल्या समूहाकडून पैसा उभारून ग्राहकांचा भरणा केला.

आपल्याकडे काय झाले? चोरीनंतर वझीरएक्सचे व्यवहार बंद पडले. कंपनीची मूळ पेढी सिंगापूरची, म्हणून भारतातल्या लाखो ग्राहकांचा फैसला सिंगापूरच्या हायकोर्टात चालला. ऑक्टोबर २०२५ मध्ये योजना मंजूर होऊन त्याच महिन्याच्या २४ तारखेला पेढी पुन्हा उघडली. ग्राहकांना ऐवजाचा एक मोठा भाग मिळाला आणि उरलेल्याच्या बदल्यात 'वसुली टोकन' म्हणजे पुढे नफा झाल्यास देऊ अशी चिठ्ठी मिळाली. सव्वा वर्ष ज्याचा पैसा अडकला त्याने आपल्या मुलीचे लग्न किंवा मागाचा हप्ता कसा निभावला असेल, ते टोकनावर लिहिलेले नसते.

याच प्रकरणात मद्रास हायकोर्टाने ऑक्टोबर २०२५ मध्ये जो आदेश दिला, तो प्रत्येक व्यापाऱ्याने समजून घ्यावा असा आहे. एका महिला ग्राहकाने पेढीत सुमारे दोन लाख रुपयांची 'एक्सआरपी' नावाची नाणी घेऊन ठेवली होती. चोरीला गेली ती दुसऱ्या जातीची नाणी. तरी पेढीचे म्हणणे असे की, नुकसान सर्व ग्राहकांत वाटून घ्यायचे. आता कल्पना करा, गोदामात दहा व्यापाऱ्यांचे ताके आहेत, कोपऱ्यातल्या तीन जणांचे जळाले. गोदामवाला बाकीच्या सातांना म्हणतो, तुमचेही निम्मे ताके द्या, नुकसान सर्वांचे सारखे. बाजार त्याला काय म्हणेल? कोर्टाने म्हटले की आभासी नाणे ही मालमत्ता आहे, ती बाळगता येते आणि दुसऱ्यासाठी विश्वस्त म्हणून सांभाळताही येते. आणि त्या महिलेला अंतरिम संरक्षण दिले. आपण ज्याला अमानत म्हणतो तीच ही गोष्ट. ठेवणाऱ्याचे ते ठेवणाऱ्याचे, सांभाळणाऱ्याचे नव्हे. मात्र हा एका कोर्टाचा अंतरिम आदेश आहे, संसदेचा कायदा नव्हे. सरकार तीस टक्के कर घेते, तेव्हा ती मालमत्ता असल्याचे मान्य करूनच घेते ना? मग अमानतीचा नियम करायला कसली वाट पाहायची? सरकारला अशी भीती असावी की नियम केले तर धंद्याला मान्यता दिल्यासारखे होईल. ही भीती आम्हांस अगदीच चुकीची वाटत नाही. पण मान्यता न देता कर घेणे आणि चोरी झाली की ग्राहकाने सिंगापूरचे कोर्ट शोधणे, हा सौदा एकतर्फी आहे.

आमचा भाचा या बाबतीत आमच्याशी सहमत नाही. तो मुंब्र्याला असतो, तयार कपडे आखाती देशांत पाठवतो. त्याचे म्हणणे, "मामू, बँक दहा दिवस लावते, कमिशन घेते, शंभर कागद मागते. टेथर पाच मिनिटांत येतो." त्याचे हे म्हणणे खोटे नाही. बँकांनी छोट्या निर्यातदाराला जितके पिडले आहे तितके चोरांनीही पिडले नसेल. पण आम्ही त्याला दोन गोष्टी विचारल्या. माल बाहेर पाठवल्यावर पैसा अधिकृत बँकेतून आल्याचा दाखला लागतो. तो टेथरवर कोण देणार? आणि दुसरे, टेथर काढणाऱ्या कंपनीला कोणतेही कुलूप दुरून गोठवता येते, आणि चोरीच्या मालाबाबत ती ते करतेही. तुझ्या हाती आलेले नाणे तीन हात आधी कुणाचे होते हे तुला कुठे ठाऊक आहे? यावर तो हसला आणि म्हणाला, "मामू, तुम्हाला एकदा पोळले आहे म्हणून तुम्ही ताकही फुंकून पिता."

असेल तसेही. आता आमच्या दुकानात गादीमागे एक पाटी लावली आहे: बिल ज्याच्या नावे, पैसे त्याच्याच खात्यातून. दोन जुन्या पार्ट्या त्यावरून रुसल्या. गेल्या महिन्यात भाच्याच्या ओळखीने दुबईच्या एका व्यापाऱ्याची मोठी मागणी आली, रक्कम टेथरमध्ये देतो म्हणाला. आम्ही लिहिले की रक्कम बँकेतून व तुमच्या फर्मच्या नावानेच हवी, फर्मचा परवाना पाठवा. अजून उत्तर नाही. माल पाली-बालोत्र्याहून रंगवून आला आहे, गठ्ठे गोदामात पडून आहेत, आणि भाचा रोज फोन करून विचारतो आहे की काय करायचे.